कनकामामीचं नाक

राघोत्तममामा शाळेत चित्रकलेचे मास्तर; तंजावरकडचे मराठी. चेन्नईत वेस्ट मांबलमला त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. ते निवृत्त झाल्यावर गल्लीच्या रहिवासी संघानं कोपऱ्यावरच्या बागेसाठी त्यांना एक पुतळा करायला सांगितला. मामांनी सिमेंटात बायको घडवली. काखेत घागर घेऊन टँकरची वाट बघणारी कनकामामी. मामी वर्षापूर्वी गेलेली. नाक किंचित वाकडं, मुरडलेलं. टँकरला उशीर झाला की ती अशीच बघायची म्हणे.

दोन हजार तीनचा उन्हाळा. नळ कोरडेठाक. बायका पुतळ्याच्या पायापासून प्लास्टिकच्या घागरींची रांग लावायच्या. एकदा शेजारच्या संयुक्ताबाईंनी सहज पुतळ्याला हळदकुंकू लावलं, आणि तेवढ्यात टँकर आला. झालं! आठवड्याभरात मामीला पिवळी साडी, कडुलिंबाची माळ, वर पत्र्याचं छप्पर.

"आमच्या करमाळ्यात देव व्हायला निदान दगड तरी लागतो," मी म्हटलं. "मामा, आता देवीचे यजमान तुम्ही. प्रसाद दुप्पट मागा."

मामा हसले नाहीत. "रोज तेल, रोज हळद. नाक बुजत चाललं रे."

ओलं फडकं घेऊन ते पुतळ्याकडे निघाले. मी मागोमाग.

"मामा, चप्पल!" रांग ओरडली. मामांनी चपला काढल्या. फडकं वर गेलं, तशा संयुक्ताबाई आडव्या आल्या. "अय्यो, अम्मनला, देवीला हात लावायचा नाही."

"ही कनका हाय."

"मग आम्ही नाही कुठं म्हणतों? कनकांबाळ असंच नाव ठेवलं की! मामी रांगेत माझ्यापुढंच असायची."

मामा संघाच्या राममूर्तींकडे गेले. ते म्हणाले, "सार, पहिली आरती तुमचीच. पण पूजा बंद केली आणि टँकर चुकला, तर या बायकांना तोंड मी देऊ?"

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, वर्गणीतून चांदीचा मुखवटा आला. टपोरे डोळे, सरळ धारदार नाक. मामांना पुढं उभं केलं. त्यांनी हात जोडले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "ही कोण रे?"



इतक्यात टँकरचा हॉर्न वाजला. आरती तशीच टाकून सगळे घागरी घेऊन पळाले. मामा पुढं सरकले. मुखवटा मागून तारेनं आवळलेला होता. त्यांनी कडेच्या फटीतून बोट आत घातलं, चाचपत राहिले. बोट गालापर्यंतच जाई. नाकापर्यंत पोचेना.