हॉपरवरची टकटक

प्लास्टिकच्या प्लांटमधले किस्से म्हणजे मशीनच्या तापत्या बॅरलमध्ये जळून चिकटलेला माल. कितीही खरवडा, थोडा उरतोच! आमच्या जयपूरच्या प्लांटमधले हे असेच उरलेले.

*

आम्ही गाडीच्या इंजिनाजवळ बसवायचे, उष्णता सोसणारे पार्ट बनवतो. मी सांगलीचा, प्रोसेस इंजिनिअर. पहिल्याच दिवशी पाहिलं, ऑपरेटर भंवरजी हॉपरवर, म्हणजे दाणे ओतायच्या नरसाळ्यावर, अधूनमधून बोटांनी तीनदा टकटक करतात.

मी विचारलं, "भंवरजी, अंदर कौन है?"

"जो भी है साब, ऊंघता बहुत है, जगाना पड़ता है!"

सगळे हसले. ते सोडून.

*

मुलीच्या लग्नासाठी ते गावी गेले आणि इकडे प्रत्येक पार्टवर काळे ठिपके! माल आत रेंगाळून जळत होता. मी तापमान उतरवलं, माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग बदलला, देव पाण्यात ठेवायचे तेवढे राहिले.

दुपारी त्यांचाच फोन. "साब, किसी ने खटखटाया नहीं क्या?"

त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

*

शेवटी मी हॉपर उघडला. दाणे तोंडाशी कमान धरून अडत होते, म्हणून आतला माल रेंगाळत होता; ठोकलं की दाणे सुटत. हात्तिच्या! भूतबीत काही नाही. मी ऑटोमॅटिक हातोडी बसवली, दर पाच मिनिटांनी एक ठोका. भंवरजींना म्हटलं, "अब आराम करो."

त्यांनी हॉपरवरून एकदा हात फिरवला आणि पॅकिंगला गेले. महिन्याभरात हार्ट अटॅकनं वारले. मला आजही वाईट वाटतं. त्या माणसाला मशीनवरून हलवण्याआधी मी साधं विचारलंसुद्धा नाही.

*

मग ग्राहकाची शेवटची ट्रायल. ठिपके आले तर लाइन बंद, आठ माणसं घरी! क्वालिटीतली नागपूरची प्राजक्ता भिंगाखाली एकेक पार्ट बघत होती, माझा जीव टांगणीला. मशीनजवळ कुणालाच जाऊ दिलं नव्हतं. सकाळपासून टकटक मात्र चालू होती.

एकही ठिपका नाही! ग्राहक सही करून गेला, प्राजक्ता चक्क रडली.

मी हातोडीला हात जोडायला गेलो, तर हॉपरवर नुसता रिकामा क्लॅम्प.

"हातोडी कुठाय?"

इलेक्ट्रिशियन ओशाळला. "सर, मोटर जल गई थी. सुबह ट्रायल से पहले ही खोलकर ले गया, बताना भूल गया."

प्राजक्तानं डोळे पुसले. "मला वाटलं, तू सेटिंग बदललंस. सकाळपासून तीन-तीन ठोके पडून राहिले होते ना."