बिल्ल्याच्या खाचेतला काळा रंग

श्रावण गेल्याचं मला दिग्रसच्या बसस्टँडवर कळलं. मी यवतमाळहून त्यालाच भेटायला आलो होतो. पानठेलेवाल्याने मला पाहिलं, हातातलं पान तसंच खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर सकाळी गेले." जिनिंगचे दिवस होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते... मी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. त्याला आता दीड-दोन महिने झाले, पण तो दिवस आठवला की आधी ते तंतूच दिसतात.

श्रावण हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. आम्ही एकाच वस्तीत वाढलो, छप्पन साली आमच्या दोन्ही घरांनी सोबतच दीक्षा घेतली. त्याच्या बराच आधी त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईवरून परतला तो टोपीवर लावायचे पलटणींचे बिल्ले घेऊन. निरनिराळ्या पलटणींतल्या सोबत्यांशी अदलाबदल करून त्याने ते जमवले होते. पुढे भाऊ तापाने गेला, बिल्ले श्रावणकडे राहिले, आणि मग श्रावणला नादच लागला. भंगारवाल्यांकडून, पेन्शनीत निघालेल्या शिपायांकडून तो जमवत गेला. शाळा सुटली की खिडकीपाशी बसायचा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड. चांदीचं पाणी दिलेलं असेल तर झिजलेल्या कडांना खालचं पिवळं दिसतं, जर्मन सिल्व्हर मात्र कितीही झिजलं तरी पांढरंच राहतं... तो बिल्ला उजेडात इतका सावकाश फिरवायचा की बघता बघता माझ्याच डोळ्यांवर झापड यायची. घासायला मात्र तो कुणालाही हात लावू द्यायचा नाही. वरचा रंग गेला की बिल्ला कुठला ते सांगता येत नाही, म्हणायचा.

मी दिग्रसलाच राहत होतो तेव्हा अशाच एका हिवाळ्यातल्या दुपारी फुलसावंगीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दोघी आल्या. म्हातारी धुरीबाई आणि तिची सून जमना. बिल्ले ओळखणारा मास्तर दिग्रसला आहे, असं त्यांना बाजारात कुणी तरी सांगितलं होतं. दोघी उंबऱ्याशीच बसू लागल्या. श्रावणने त्यांना आत घेऊन खुर्च्या दिल्या. धुरीबाईने फडक्यातून एक पितळी बिल्ला काढला, मध्ये बिगूल कोरलेला, लखलखीत पिवळा. तिचा लेक थावरू लढाईत भरती झाला होता. लग्नानंतर एकदाच सुटीवर आला, मग ब्रह्मदेशाकडे गेला. लढाई सरता सरता तो गेल्याचा निरोप आला आणि मागून त्याच्या सामानाचं गाठोडं. त्यातच हा बिल्ला होता.

"माह्या लेकाचा बिल्ला काळा होता, बाप्पा," धुरीबाई म्हणाली. "म्या माह्या डोयानं पाह्यला. हा पिवळा हाये. दुसऱ्याचं सामान आमच्या घरी आलं."

त्या एका विश्वासावर ती इतकी वर्षं जगली होती. जमनाच्या बांगड्या तिने उतरू दिल्या नाहीत. जमनासाठी मागणी घालायला जे आले त्यांना परत पाठवलं. आता जमनाचा भाऊ हटून बसला होता, म्हणून म्हातारी एकदाचं विचारायला आली होती.

श्रावणने चुंबक लावून पाहिला, भिंग घेतलं, बिल्ला खिडकीकडे धरला. बिगुलाच्या दोरीच्या खाचेत त्याचा हात थांबला. मग तो तिच्याजवळ येऊन बसला आणि समजावून सांगू लागला. काही पलटणी पितळेला मुद्दाम काळा रंग देतात, उन्हात चमकू नये म्हणून. जुनं झालेलं पितळ डागाडागाने काळवंडतं, खाचेत उरलेला हा काळा रंग मात्र सारखा बसला आहे.

"मावशी, हा आधी काळाच होता. कोनं तरी घासला. कोनाचा होता, ते मले पितळ सांगत नाही. पन काळा होता."

मग जमना मान वर न करता म्हणाली, "म्या घासला."

गाठोडं आलं त्या दिवशीच तिने चिंच आणि राख घेऊन तो घासला होता. लढाईतला मळ असेल, रक्त असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी सासूने तो पाहिला आणि हा आपल्या थावरूचा नाही, असं म्हणाली. दिवसभर थंड पडलेली चूल त्या घरात पुन्हा पेटली...

"माह्यानं बोलनंच झालं नाही, याडी," जमना म्हणाली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. "अन् मंग मले बी तसंच वाटू लागलं. त्यायचा नाहीच हा."

धुरीबाई तिच्याकडे वळली. आता ही काय करते, म्हणून मी घाबरलो होतो. तिने जमनाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "इतके साल एकटीनं जीवात ठेवलं?" एवढंच म्हणाली. दोघी आवाज न करता रडल्या. श्रावण आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

त्या उन्हाळ्यात धुरीबाईने स्वतः पुढे होऊन जमनाला दिग्रसजवळच्या तांड्यातल्या एका बिजवराशी लावून दिलं. पुढे वर्षा-दीड वर्षात म्हातारी गेली. ते ऐकल्यावर श्रावण कित्येक दिवस बिल्ल्यांच्या खोलीत गेला नाही. नदीकडे फिरताना मध्येच थांबायचा. "नसतं सांगतलं तर?" असं म्हणायचा, आणि आम्ही पुढे चालू लागायचो...

मागच्या आठवड्यात मी त्याच्या घरी होतो तेव्हा जमना आली. केस पांढरे होत आलेले, सोबत शाळेत जाणारी मुलगी. वहिनींनी, म्हणजे श्रावणच्या बायकोने, तिला बिल्ल्यांची खोली उघडून दिली. खिडकीतलं ऊन जमिनीवर आलं होतं. त्याच्या कडेला ती बसली आणि मला कधीच माहीत नसलेलं बोलू लागली. त्या दुपारी निघताना तिने श्रावणला सांगितलं होतं, की इतकी वर्षं ती अंगणातल्या पावलांकडे कान लावून जागी राहिली. तेव्हापासून ती बाजाराला आली की तो रस्ता ओलांडून यायचा आणि एकच विचारायचा, झोप लागते का?

"मले तं लागे," जमना म्हणाली. "मी बी मंग त्यायले विचारलं, मास्तर, तुमाले लागते का, तं नुसते हासत. दरखेपी हासत." तिने जमिनीवरच्या उन्हावर तळवा ठेवला. "गेले त्याच्या आधीच्या बाजाराले मात्र म्हनले, आता लागते."