पडण्याची शिकवणी

मी घरात कधी आवाज चढवला नाही, या गोष्टीचा मला बरीच वर्षे अभिमान होता. माझा राग हळू बोलतो. तो शब्द नीट निवडतो, वाक्य पूर्ण करतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवत नाही. ओरडणाऱ्या माणसावर उलट ओरडता तरी येते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला माझ्यापुढे तेही करता येत नव्हते. हे मला उमगायला महामारीचे दुसरे वर्ष लागले, आणि आइस हॉकीचा नवशिक्या मुलांसाठी चालणारा एक वर्ग लागला.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटमध्ये राहतो. शाळेतून आलेल्या एका पत्रकावर बर्फावर उभ्या मुलांचे चित्र होते. ते पत्रक मुलीने आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवले आणि शेवटी मी होकार दिला. वर्ग शनिवारी सकाळी भरे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक होते. हेल्मेट, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचे, जाड हातमोजे हे सगळे एका मोठ्या पिशवीत घालून सत्र संपेपर्यंत वापरायला मिळत असे. स्केट्स तेवढे आम्ही घेतले, तेही कुणाचे तरी वापरलेले. हॉकीची स्टिक मात्र पहिल्या दिवशी कुणालाच देत नसत.

पहिल्या दिवशी शिकवले ते पडणे. प्रशिक्षिका चाळिशीची बाई होती, आठवडाभर कुरिअरची व्हॅन चालवायची. तिने मुलांना बर्फावर ओळीने उभे केले आणि शिट्टी वाजवताच स्वतः धप्पकन पडून दाखवले. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचे, मुठी मिटून छातीशी घ्यायच्या म्हणजे कुणाच्या पात्याखाली बोटे येत नाहीत, मग एक पाय रोवून उठायचे. मुले शिट्टीगणिक पडत होती आणि हसत होती. माझी मुलगी सगळ्यात मोठ्याने हसत होती. मी काचेआड उभा राहून मोजत होतो. परतताना गाडीत मी तिला शांतपणे सांगितले, "आज तू अकरा वेळा पडलीस." पुढच्या शनिवारी ती सात वेळा पडली, आणि मी त्याला प्रगती म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतर पुन्हा लॉकडाऊन लागला. घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायचे नाही, रात्री बाहेर पडायचे नाही, शाळा लॅपटॉपवर, माझी नोकरी जेवणाच्या टेबलावर. बर्फाची रिंक बंद झाली. वर्गाकडून निरोप आला, की पिशव्या घरीच ठेवा आणि मुलांना गालिच्यावर पडायचा सराव करू द्या, दर आठवड्याला पडण्याचा एक छोटा व्हिडिओ पाठवा.

तो निरोप वाचून मला जो राग आला तो आजही आठवतो. महामारीला पुढे करणे सोपे आहे. त्या दिवसांत सगळेच चिडलेले होते, असे म्हणून मला सुटता येईल. पण तो राग माझा जुना होता, महामारीने त्याला फक्त घरात बसवून ठेवले. मी पंचवीस वर्षे इंजिनिअर आहे. काम बिघडू न देण्याचे मला पैसे मिळतात. पडायला शिकवतात आणि वर त्याचे चित्रीकरण मागतात, हा मला पोरखेळ वाटला. मी पत्नीला म्हणालो, "पडायला कुणाला शिकवावं लागतं का? उभं राहायला शिकवावं लागतं."

ती म्हणाली, "त्यांचा खेळ आहे. त्यांना ठाऊक असेल ना रे."

मी गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, जुन्या गालिच्याचा तुकडा पसरला, आणि रोज संध्याकाळी साडेपाच वाजता तिथे माझा वर्ग सुरू केला. स्केट्सच्या पात्यांना प्लास्टिकची आवरणे चढवून मुलगी गालिच्यावर उभी राहायची. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर. मी मोबाइलवर वेळ लावायचो. आधी तीन मिनिटे, मग पाच, मग दहा. मला लहानपणी पाढे जसे घोटून घेतले गेले, तसे मी तिच्याकडून उभे राहणे घोटून घेतले. तोल गेला की घड्याळ शून्यावर. मी ओरडत नसे. "परत," एवढेच म्हणायचो, तेही हळू.

दसरा आला तेव्हाही आम्ही घरातच होतो. आमच्याकडे त्या दिवशी कामाची हत्यारे, वह्या-पुस्तके पुजतात आणि मग त्यांना दिवसभर हात लावत नाहीत. लॅपटॉप आणि माझा पान्यांचा डबा यांच्या शेजारी मुलीने तिचे स्केट्स आणि वर्गाचे हेल्मेट आणून ठेवले. पत्नीने सगळ्यांना हळदकुंकू वाहिले. मुलीने मला विचारले, "सो टुडे दे रेस्ट, राइट?" तिच्या चेहऱ्यावर सुटी मिळाल्याचा आनंद होता. मी म्हणालो, स्केट्सना विश्रांती आहे. आणि संध्याकाळी साडेपाच वाजता तिला मोज्यांवर उभे केले.

सणाच्या दिवशी लोखंडाला दिलेली सुटी मी माझ्या मुलीला दिली नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गाला एक ईमेल लिहिला. आपल्याकडे हुशार मुलाला एक इयत्ता वर चढवावी म्हणून बाप मुख्याध्यापकांना अर्ज करतो, तसा. मुलीने घरी नियमित सराव केला आहे, तिचा तोल उत्तम आहे, तेव्हा पडण्या-उठण्याच्या प्राथमिक भागातून तिला सूट देऊन थेट स्टिकवाल्या गटात घ्यावे, ही विनंती. उत्तर एका ओळीचे आले: नो वरीज, बर्फावर भेटू. मला तो होकार वाटला.

लॉकडाऊन उठल्यावर काही आठवड्यांनी रिंक उघडली. नियम नवे होते. मुलांनी घरूनच पूर्ण पोशाख घालून यायचे, प्रत्येक मुलामागे एकच पालक आत, मास्क लावून, जमिनीवर चिकटवलेल्या खुणेवरच उभे राहायचे. तो एक पालक कोण, हा प्रश्न आमच्या घरात विचारलाच गेला नाही. वाहनतळावर गाडीचे दार उघडून मी मुलीच्या स्केट्सच्या नाड्या आवळल्या. हेल्मेटच्या कडेला कुंकवाचा डाग अजून होता.

शिट्टी वाजली. सगळी मुले पडली. माझी मुलगी उभी राहिली.

पुन्हा शिट्टी, पुन्हा बारा मुले बर्फावर आणि ती एकटी ताठ, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर. प्रशिक्षिका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून काहीतरी बोलली. मुलीने मान हलवली, खाली वाकली, आणि मग काचेकडे, माझ्याकडे, पाहून पुन्हा सरळ झाली. पहिली काही मिनिटे मला अभिमान वाटला हे मी लपवत नाही. मग एक लहान मुलगा वेग न आवरता तिच्यावर आदळला. दोघेही पडले. तो कुशीवर पडला आणि उठला. ती लाकडासारखी मागे गेली, हात पसरून, आणि तिच्या न मिटलेल्या बोटांपासून वीतभरावरून तिसऱ्या मुलाचे पाते गेले.

तिला लागले नाही. पण वर्ग संपल्यावर प्रशिक्षिका मला बाहेर गाठून म्हणाली, की पुढच्या शनिवारी ती स्वतःहून पडून उठली नाही तर तिला स्टिक देता येणार नाही. शेवटच्या दिवशी मुलांचा छोटा सामना असतो, त्यात ती नसेल. पुढच्या वर्षी परत नाव घालावे लागेल. ज्याला पडता येत नाही, तो स्वतःला आणि इतरांना धोका असतो. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून हे ऐकत होती. त्या सामन्याचा दिवस तिने तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने रंगवून ठेवला होता.

मी माझ्या हळू आवाजात त्या बाईला म्हणालो, की ज्या वर्गात उभे राहणे हा दोष समजला जातो, त्याच्या दर्जाविषयी मला शंका आहे. शनिवारची झोप सोडून, कुणाकडून काही न घेता माझ्या मुलीला शिकवणाऱ्या बाईला मी हे म्हणालो. ती चिडली नाही. मास्कवरच्या तिच्या डोळ्यांत फक्त गोंधळ दिसला.

"पण मेट, व्हिडिओत तर ती सुंदर पडते," ती म्हणाली. "सगळ्या ग्रुपमध्ये बेस्ट. म्हणून तर मला कळेना, इथे काय झालं."

गाडीत बसल्यावर मी विचारले, "कोणते व्हिडिओ?"

फ्रीवेला लागल्यावर मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आय कॅन फॉल, बाबा. तू बघत असलास की नाही जमत."

घरी पोचल्यावर मी पत्नीपुढे उभा राहिलो. माझ्यापासून लपवून, माझ्याच घरात. रागाने माझा आवाज आणखी खाली गेला होता. तिने भाजी चिरायचे थांबवलेही नाही.

"तुझी मीटिंग रोज तीन ते चार असायची," ती म्हणाली. "आम्ही रोज तीन ते चार पडायचो. बेडरूममध्ये, गाद्या घालून. मीसुद्धा पडायचे तिच्याबरोबर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस."

मी पुष्कळ वाक्ये तयार केली. सगळी पूर्ण, व्याकरणशुद्ध, आणि त्यांतले एकही खरे नव्हते. भिंतीच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून मी कामाच्या त्रुटींवर बोलत होतो, आणि पलीकडे माझी बायको आणि मुलगी धडाधड गाद्यांवर पडत होत्या, तोंडावर हात ठेवून हसत होत्या, चार वाजले की गाद्या जागच्या जागी लावत होत्या. माझ्या घरात हसायला वेळापत्रक लागत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला, आणि तो ऐकायला मला दुसरे कुणी सापडले नाही.

पुढच्या शनिवारी आत जाणारा पालक पत्नी होती. नाड्या मात्र मी बांधल्या. मुलीने पाय पुढे केला तेव्हा मला बरे वाटले. "टाइट झालं का?" मी विचारले. "थोडं," ती म्हणाली, आणि मी सगळ्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मग मी गाडीत बसून राहिलो. रिंकच्या पत्र्याच्या भिंतीतून शिट्टी पुसट ऐकू येत होती. प्रत्येक शिट्टीला माझे मन आपोआप आकडा म्हणू लागे आणि मी ते थांबवू पाहत असे. ते थांबले नाही. मी खिडकीची काच वर केली.

तासाभराने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टिक होती. जर्सीची पाठ, कुशी, गुडघे, सगळे बर्फाच्या चुऱ्याने ओलेचिंब झाले होते. मी सीटवर टॉवेल पसरायला निघालो तेवढ्यात ती तशीच बसली.

मी त्या प्रशिक्षिकेकडे गेलो आणि माफी मागितली. तिने "नो वरीज" म्हणून माझ्या हातात बर्फावर मांडायचे प्लास्टिकचे शंकू धरायला दिले आणि व्हॅनचे दार उघडले. मी शंकू भरले. त्याहून मोठी शिक्षा तिने दिली असती तर मला सोपे गेले असते.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात नियम सैल झाले आणि दोन्ही पालकांना आत येण्याची मुभा मिळाली. मी मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारले, की मी आलो तर चालेल का. ती स्टिकला नवी पट्टी गुंडाळत होती. तिने खरोखर विचार केला; घाईने, माझे मन राखायला हो म्हणाली नाही. मी तिला इतके तरी घाबरवायचे थांबवले होते.

"नेक्स्ट इयर, बाबा," ती म्हणाली.

मी ठीक आहे म्हणालो आणि शनिवारी गाडीत बसलो. पडण्याचे ते व्हिडिओ पत्नीच्या फोनमध्ये अजून आहेत. मी ते कधी पाहायला मागितले नाहीत.