लाभ, दोन, तीन

डोळ्यांनी वजन करता येणार नाही अशी वस्तू देवानं अजून घडवलेली नाही, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या मापाडीमामांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या शेजारात सात वर्षं काढल्यावर सांगतो, देवालाही त्यांना खोटं पाडायची फारशी हौस नसावी. सेलूच्या कापसाच्या बाजारात त्यांनी उभी हयात मापं टाकण्यात घालवली. मुलगा परभणीला बँकेत लागला, त्यानं वसमत रोडच्या अंगाला फ्लॅट घेतला, मामी वारल्या आणि मामा इकडे आले. येताना आणलं काय, तर एक वळकटी, एक लोखंडी ताणकाटा आणि ते दोन डोळे. मी वरच्या मजल्यावर राहायला आलो त्या दिवशी जिन्यात भेटले. मला टाळूपासून तळव्यापर्यंत पाहिलं आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाले, "एक्काहत्तर. चपलासगट." मी मनातून चिडलो. विज्ञानाचा मास्तर आहे, म्हटलं पडताळून बघू. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या काट्यावर चपला घालून उभा राहिलो आणि गुपचूप उतरलो.

तेव्हापासून त्यांचा नाद लागला. गॅसची टाकी आली की मामा ती नुसती पायानं कलती करायचे आणि दोन किलो कमी आहे म्हणून पोराला परत पाठवायचे. लग्नात अक्षता टाकायच्या ऐवजी ते नवरदेवाच्या घोड्याकडे बघत बसायचे आणि जेवताना शेजारच्याला सांगायचे की घोडं बिचारं पन्नासच्या लायकीचं, वर बसवलाय नव्वदचा. बाजारात त्यांना बघून फळवाले गाडा पुढे ढकलायचे. त्यांच्या हातात आलेलं टरबूज नुसतं टरबूज राहत नसे, ते साडेचार किलो होत असे, आणि मग त्यातून कडता वजा होत असे. कडता म्हणजे बाजारातली वजावट. मालातला ओलावा, माती, काडीकचरा यांच्या नावानं मापातून जे कापतात ते. आणि पोत्याचं स्वतःचं वजन ते बारदान. मामा आयुष्यभर बारदान आणि कडता कापत आले होते. पाहुण्यांनी कुणाची फार तारीफ केली की ते हळूच मला म्हणत, "कडता कापा गुर्जी, वल्ला माल हाय."

पण त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते 'एक' कधी म्हणत नसत. मापाडी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते. एक म्हणजे एकटं, एक म्हणजे तिथंच खुंटलं, पहिल्याच मापाला तोंडातून खुंटलेला शब्द काढायचा नाही. बाजार सुटला पण मामांची जीभ काही सुटली नाही. एसटीत बसले की कंडक्टरला म्हणायचे, "लाभ हाफ, सेलू." नवीन कंडक्टर लाभ नावाचं गाव शोधत बसायचा. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी दिली तर विचारायचे, दिवसाला लाभ का दोन. आणि जेवायला वाढताना तर हा लाभ फार घातक ठरायचा, कारण मामांच्या हिशेबी लाभ मोजणीत धरायचा नसतो. तो देवाचा. मोजणी दोनपासून सुरू.

हे सगळं ज्या ताटावर चालायचं ते त्यांच्या नातीचं, तेजूचं. माझ्याच शाळेत, आता दहावीला. तिच्या जन्माची कथा मी मामांकडून चाळीस वेळा तरी ऐकली असेल. सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मामा-मामी सेलूहून मिळेल त्या गाडीनं परभणीला आले. लेकरू काचेच्या पेटीत होतं, अंगाला नळ्या, तळहाताएवढी छाती वरखाली. मामांनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "चौदाशे ऐंशी." नर्सनं कागद बघितला आणि त्यांच्याकडे पाहतच राहिली. मामा सांगायचे, जन्मात तेवढ्याच मापाला बरोबर आल्याचं वाईट वाटलं. सेलूला घरी आणल्यावर त्यांनी ताणकाट्याला धोतराची झोळी बांधली आणि दर रविवारी लेकराचं माप सुरू केलं. दोन किलो झालं तेव्हा पेढे वाटले, तीन झालं तेव्हा परत वाटले. गालांवर बाळसं धरलं तेव्हा मामींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मामांनी सगळ्यांना तंबी दिली की या घरात कुणी लेकराला 'जाड' म्हणायचं नाही, म्हणायचं झालं तर 'वाळलंय' म्हणा.

ते चौदा वर्षं तसंच म्हणत राहिले. तेजू शाळेतून आली की दारातच, "वाळलीस ग माय." मग शेंगदाण्याचा लाडू, वर तुपाचा गोळा. शिकवणीहून आली की परत वाळलेली. मग धपाटं, लोणी. ती म्हणायची, आबा, बस, एकच द्या. मामा म्हणायचे, लाभ हाय तो, पोटात मोजत न्हाईत. लोकांना वाटायचं म्हाताऱ्यानंच पोर फुगवली. मलाही वाटायचं, कारण दुसऱ्याच्या आजोबाला दोष देणं सोपं. पण मी वरच्या मजल्यावरून सगळं बघत होतो. पोरगी सकाळी सातला रिक्षात बसायची, शाळा चालत दहा मिनिटांवर. चालत का नाही, तर रस्त्यावर ट्रक आणि कुत्री. शाळा सुटली की एक शिकवणी, मग दुसरी. समोर मोकळी जागा होती तिथं आता दुकानांचे गाळे आहेत. सातवीत असताना ती दोरीवरच्या उड्या मारायची, गच्चीवर, माझ्या डोक्यावरच, नुसती दणदण चालायची. एके दिवशी दोरी बंद झाली, सायकलही बंद झाली. पोरगी 'मोठी' झाली होती. आता बरं दिसत नाही, असं तिची आई म्हणाली. आई स्वतः शिक्षिका, सहाला दमून यायची, येताना अपराधी मनानं काहीतरी पुड्यातलं चमचमीत घेऊन यायची. बापाला शुगर. मामी तर शुगरनंच गेल्या, आधी अंगठा, मग पाऊल. या पोरीच्या वाटेला जे आलं ते चारी दिशांनी आलं, आणि त्यात एकही माणूस तिचा वैरी नव्हता. याचाच मला राग येतो. वैरी असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि ती मान. तेजूची मान मागून काळी पडली होती, मखमलीसारखी जाडसर काळी. घरच्यांना वाटलं मळ. आईनं बेसन लावलं, लिंबू चोळलं, ब्यूटी पार्लरला नेलं. मामांनी टाचा घासायची वजरी दिली. दर रविवारी पोरगी मोरीत बसून मान सोलून काढायची आणि सोमवारी ती मान तशीच काळी. इथं मला माझंही सांगितलं पाहिजे. मीही आठवीच्या वर्गात सगळ्यांदेखत तिला म्हणालो होतो, "तेजस्विनी, मान स्वच्छ धूत जा." ती "हो सर" म्हणाली होती. विज्ञानाचा मास्तर, आणि हे माझं ज्ञान.

गेल्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलं-मुली एका रांगेत, माझे एक सहकारी काट्याचा आकडा मोठ्यानं सांगणार, मी वहीत लिहिणार. तेजूची पाळी आली. सहकाऱ्यांचा आवाज मुळातच कवायतीचा. "अठ्ठ्याहत्तर पॉइंट दोन." मागं कुणीतरी खिंकाळलं, मग सगळी रांग. मी लिहिलं. मान वर करून कुणाला गप्प बसवलं नाही, आकडा नीट यावा म्हणून खाली बघून लिहीत राहिलो. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची वेणी बाजूला केली आणि मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, सर, हा मळ नाही. रक्तात साखरेची गडबड सुरू झाली की मान अशी होते. घासून जायची नाही. घरच्यांना सांगा, रक्त तपासून घ्या.

त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव 'क्विंटल' ठेवलं. तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी मामांना विचारलं, आबा, क्विंटल म्हणजे किती? मामांना काय आनंद झाला. नात आपल्या धंद्याचं विचारते आहे. त्यांनी अर्धा तास क्विंटल समजावला, आधीचा मण, पल्ला, मग किलो कसे आले, शंभर किलोचा क्विंटल कसा, आणि क्विंटलभराचं पोतं आपण तरुणपणी कसं पाठीवर घ्यायचो. पोरगी सगळं ऐकून घेऊन आत गेली. हे मामांनीच मला जिन्यात कौतुकानं सांगितलं, आणि मला ते नाव कुठून आलं ते त्यांना सांगावं लागलं.

आधी त्यांनी आकडाच मानला नाही. बुटाचं बारदान काढा. दोन वेण्या हायेत, ते धरा. सकाळी पाणी पिऊन गेली असंल, कडता कापा. मी म्हणालो, मामा, किती कापाल? मग मी मानेचं सांगितलं. वजरीचं सांगितलं. मामा पायरीवर बसले. मी विचारलं, तुम्हाला खरंच दिसत नव्हतं? तुम्हाला?

"अठ्ठ्याहत्तर दोनशे," ते म्हणाले. "काटा बराबर हाय तुमचा. मला रोज दिसायलंय गुर्जी. पाऊणशे झाली त्या दिवशी बी दिसलं. पण पोरगी दारात आली की मला ती काचंची पेटी दिसती. मग मी कडता कापतो."

रक्त तपासलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार अजून घरात शिरलेला नाही, उंबऱ्यावर आहे. ज्या लेकरानं आईच्या पोटातच टंचाई बघितली, त्याचं शरीर पुढं मिळेल ते साठवून ठेवायला शिकतं, आणि घराण्यात शुगर असली की मग बघायलाच नको. मामांनी हे हात जोडून ऐकलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की आपण भरत गेलो ते पोतं आधीच कुणीतरी तोंड उघडून ठेवलेलं होतं.

मग उपाय सुरू झाले आणि एकेक करून बुडाले. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आजोबा आणि नात पहाटे फिरायला जायचे, ते अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी शिकवणीवाल्यांनी गणिताची तुकडी पहाटे घेतली. दहावीचं वर्ष, कोण नाही म्हणणार? आहाराचा तक्ता फ्रिजवर लावला. त्यात 'एक वाटी वरण' लिहिलेलं मामा 'लाभ वाटी' वाचायचे. शाळेत पोरगी डबा उघडेना, क्विंटल काय खातंय म्हणून पोरं वाकून बघायची. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ती दार लावून पुडे खायची, आणि रिकामी पाकिटं दप्तरात वह्यांच्या मध्ये घडी करून ठेवायची. मला ती तिच्या प्रयोगवहीत सापडली. मी ती काढून घेतली, वही तपासली, सही केली आणि परत दिली. मामांच्या हातचं तर ती घेईनाशीच झाली. ते लाडवाचा डबा घेऊन दाराशी उभे राहायचे आणि ती त्यांच्या बाजूनं अंग चोरून आत जायची. तेवढं अंग चोरायला तिला किती जड जात असेल, ते मामांशिवाय कुणाला कळणार?

वजन कमी झालेलं नाही. झालं असतं तर मी आधीच सांगितलं असतं. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे आणि वही माझ्याकडेच आहे. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, एवढं मी सहकाऱ्यांना बजावून ठेवलंय. मास्तरकीच्या वीस वर्षांत माझ्या हातून झालेली ही सुधारणा.

परवा संध्याकाळी तिच्या प्रयोगवहीचं काम होतं म्हणून खाली गेलो. आई-बाप यायचे होते. तेजू ताटावर बसली होती आणि मामा समोर दुरडी घेऊन. त्या दिवशी तिनं त्यांच्याकडून वाढून घेतलं, हीच मोठी गोष्ट होती. मामांनी ज्वारीची भाकरी काढली, अर्धी मोडून परत ठेवली, अर्धी ताटात टाकली आणि म्हणाले, "एक."

मी दारातच थांबलो. सात वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. पोरीनंही जन्मात ऐकला नसावा. तिनं घास मोडला नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "लाभ म्हणा ना आबा. मी दुसरी नाही मागत."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. यावेळी ते वजन करत नव्हते, एवढं मी दारातून सांगू शकतो.

"लाभ," ते म्हणाले, आणि दुरडीवर फडकं झाकलं.