भावाच्या नावाचा परवाना

श्ये मिंगते. जन्म सन १९०८, चीनमधील हुपेइ प्रांत. मृत्यू ११ डिसेंबर १९६०, ग्वाल्हेर शहराचा लष्कर हा भाग. हा तपशील प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे, कारण १९३३ ते १९५१ अशी अठरा वर्षे या नावाचा कोणीही मनुष्य ग्वाल्हेरात अस्तित्वात नव्हता. नई सडकेवर दातांचा दवाखाना होता, दवाखान्यावर पाटी होती आणि पाटीवर नाव होते श्ये मिंगआन. मिंगआन हे मिंगते यांचे थोरले बंधू. 'मिंग' हे अक्षर त्या घराण्यात त्या पिढीच्या सर्व मुलग्यांना समान असे. पुढचे तेवढे ज्याचे त्याचे.

दातांचा धंदा त्यांच्या घरात वडिलोपार्जित. मिंगआन १९३३ च्या चैत्रात लष्कर भागात राहायला आले. गावाकडे एका पाद्र्याच्या शाळेत ते इंग्रजी शिकले होते. त्या बळावर त्यांनी ग्वाल्हेर दरबारच्या डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि परवाना मिळवला. पाच महिन्यांनी, भाद्रपदात, सामान आणण्यासाठी ते कलकत्त्यास निघाले. गाडीत ताप चढला, झाशीस त्यांना उतरवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी ते वारले. मिंगते तेव्हा आग्र्यास एका चिनी दंतवैद्याच्या हाताखाली होते. भावाला माती देऊन, त्याच्या चीजवस्तू न्याव्यात म्हणून ते दोन दिवसांसाठी लष्करात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून एक धिप्पाड गृहस्थ आत आले आणि परवानगी न विचारता खुर्चीत बसले. हे महिपतराव शितोळे, दरबारच्या रिसाल्यातील जमादार. गाल भोपळ्यासारखा सुजलेला.

"आलात होय एकदाचे?" ते कण्हत म्हणाले. "आठ दिवस या दाढेनं मला उलटं टांगलंय. काढा."

मिंगते यांनी दाढ काढली. महिपतरावांनी चूळ भरली, आरशात पाहिले आणि खुशीत म्हणाले, "कलकत्त्याचं पाणी मानवलं तुम्हाला! हात हलका झालाय."

एवढेच घडले. मिंगते खोटे बोलले नाहीत; त्यांनी दुरुस्ती केली नाही, इतकेच. लष्करच्या लोकांना दोघेही 'चिनी डॉक्टर' आणि पाच महिन्यांत चेहरा कोणाच्या लक्षात राहतो? दोन दिवसांचे दोन महिने झाले, पाटी तशीच राहिली. एके दिवशी टपालवाल्याने मिंगआन यांच्या नावाचे पत्र पुढे केले आणि मिंगते यांनी सही करून ते घेतले. त्या सहीपासून परतीचा रस्ता बंद झाला.

त्यांच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचे नाव लाकडाच्या लहानशा फळीवर लिहितात आणि त्या नावापुढे भाताचा वाडगा ठेवतात. ज्याच्या नावाची फळी नाही तो मेलेला उपाशी हिंडतो. परंतु मिंगआन हे नाव तर दारावर जिवंत माणसाचे म्हणून टांगलेले. जिवंत माणसाचे नाव त्या फळीवर लिहिणे म्हणजे त्याचे मरण बोलावणे. आणि न लिहिणे म्हणजे भावाला अन्नाविना ठेवणे. पहिल्या वर्षी मिंगते यांनी नावाविनाच वाडगा ठेवून पाहिला. त्यानंतरच ते सुरू झाले.

ते येई भर दुपारी. एक वाजता दाराचा पडदा ओढून मिंगते मागच्या खोलीत जेवायला बसत, आणि पहिला घास उचलताच त्यांच्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी उभे राही. पाऊल वाजत नसे, श्वास ऐकू येत नसे. नजर तेवढी जाणवे, आणि ती नजर त्यांच्यावर नसे, वाडग्यावर असे. वळून पाहावे तो फळकुटावर रोग्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले, सर्व तोंडे उघडी. मिंगते अर्धा भात तसाच ठेवून उठत. अठरा वर्षे त्यांनी पोटभर अन्न खाल्ले नाही. लोक म्हणत, चिनी माणसे काटकच असतात.

१९४८ साली संस्थान विलीन होऊन मध्य भारत हे राज्य झाले आणि दरबारचे कागद एकेक करून तपासायला निघाले. १९५१ च्या ज्येष्ठात नव्या दंतवैद्यक मंडळाची नोटीस आली. दरबारी परवाना असलेल्या ज्या दंतवैद्यांचे शिक्षण मान्य संस्थेत झालेले नाही, त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी शहरातल्या हजीरा भागातील एका शाळेत इंग्रजी व्याकरण आणि वाचन या दोन विषयांची परीक्षा द्यावी. नवे नियम इंग्रजीत असल्यामुळे ते वाचता येणे अनिवार्य आहे. अर्जासोबत मूळ परवाना, आणि परवानाधारकास प्रथमपासून ओळखणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकाचा दाखला.

दाखला दिला भालचंद्र विनायक धारप यांनी. जयेंद्रगंजात राहणारे, इंग्रजीचे सेवानिवृत्त शिक्षक, सर्वांचे 'नाना'. वडील एका सरदारघराण्याचे उपाध्ये होते. नानांनी पौरोहित्य सोडले, पण काटेकोरपणा सोडला नाही. 'सन १९३३ पासून मी यांस ओळखतो' या वाक्याखाली त्यांनी सही केली आणि शिकवण्याचे कामही स्वतःकडे घेतले. रोज सकाळी सात ते आठ.

मिंगते यांना इंग्रजी म्हणजे दाढेत रुतलेला खडा वाटू लागला. त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. मनुष्य काल जातो, आज जातो, उद्या जातो. काल की उद्या ते वेगळ्या शब्दाने सांगायचे आणि क्रियापदाला स्वस्थ बसू द्यायचे. एक वस्तू आणि दहा वस्तू यांनाही एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक नामापुढे एक चिमुकला शब्द पहारेकऱ्यासारखा उभा, आणि तो केव्हा उभा राहतो व केव्हा रजेवर जातो हे कोणालाही धड सांगता येत नाही.

"मास्तरजी, हा शब्द इथं कशाला?" मिंगते विचारत. "अर्थ तर बदलत नाही."

"कवळीतला मागचा दात कोणाला दिसत नाही," नाना म्हणत, "म्हणून तुम्ही तो बसवत नाही काय?"

हे मात्र त्यांना पटे. ते घरी जाऊन शंभर वाक्ये लिहीत, आणि उतारे तर उभे राहून, भिंतीकडे तोंड करून, मोठ्याने पाठ म्हणत. लहानपणी गुरूकडे पाठ करून धडे म्हणायची त्यांना सवय होती. स्वयंपाकघरातून शरयूबाई, नानांच्या पत्नी, ऐकत आणि म्हणत, "तुमच्या शिष्याचं पुरुषसूक्त झालं का? चहा निवतोय."

श्रावण सरला. नानांनी एके दिवशी 'माझे कुटुंब' या विषयावर दहा वाक्ये लिहून आणायला सांगितली. वही तपासताना त्यांचा लाल टाक चौथ्या वाक्याशी थांबला.

"थोरले बंधू. हे आहेत, की होते? तुम्ही तीन वाक्यांत आहेत म्हणता आणि चौथ्यात झाशीला पुरले म्हणता."

नानांनी वर पाहिले. समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम होता. त्यांनी वही मिटली आणि पुढचा उतारा काढला.

पितृपक्ष लागला. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, "उद्या धडा नाही. उद्या आमच्याकडे पान असतं. माझा धाकटा भाऊ गेला, त्याचं, आणि इतरांचंही."

"काय म्हणता तेव्हा?" मिंगते यांनी विचारले.

"नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं, मग अमुक याला हे पोचो, असं म्हणून पाणी सोडायचं."

"नाव नाही घेतलं तर?"

"तर कोणाला पोचणार? पत्त्याविना पत्र ते."

मिंगते यांच्या हातातली लेखणी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. मग बाजारच्या हिंदी-मराठीत, अडखळत, त्यांनी सगळे सांगितले: झाशी, महिपतरावांची दाढ, टपालवाला, दुपारचा एक. "अठरा बरस भुका है," ते म्हणाले. "माझ्या मागे उभा राहतो. मागत नाही, मास्तरजी. फक्त बघतो."

नाना उठले, त्यांनी दाखल्याची नक्कल काढली आणि ती वाचली. "ही माझी सही आहे," ते म्हणाले. "मी ओळखतो म्हणून लिहिलंय. कोणाला ओळखतो?"

शरयूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नानांकडे पाहिलेही नाही.

"डॉक्टर, सरळ विचारते. भावाला जेवू घालायचं, आणि त्याच्याच नावावर दुकानही चालवायचं, ही दोन्ही कशी व्हायची? तो जिवंत असला तर जेवेल कसा, आणि मेला असला तर दात काढेल कसा?"

मिंगआन या नावाने उत्तरपत्रिका लिहिली, तर परवाना कायम, दवाखाना कायम. आणि भाऊ उपाशी तो उपाशीच. मिंगते या नावाने लिहिली, तर त्या नावाचा परवाना कोणी कधी दिलेलाच नव्हता.

"मास्तरजी, तुम्ही सांगा, काय लिहू?"

नानांनी नक्कल घडी करून ठेवली. "व्याकरण मी शिकवीन," ते म्हणाले. "नाव तुमचं तुम्ही लिहा."

उरलेल्या चार आठवड्यांत धडा एकही दिवस चुकला नाही. महिपतरावांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते पेन्शनीत निघाले होते आणि तोंडात मिंगते यांनी बनवलेली पूर्ण कवळी होती. ते मुद्दाम दवाखान्यात आले. "अहो, थोरल्याचं नाव लिहून मोकळे व्हा! मेलेला काय तक्रार करायला येतोय?"

"येतो," मिंगते म्हणाले. "रोज येतो."

महिपतरावांनी एकदा मागच्या खोलीकडे पाहिले आणि छत्री उचलून ते निघून गेले. त्या दिवशी दुपारी ती नजर पूर्वीपेक्षा जवळ होती. परीक्षेच्या आठवड्यात तर मिंगते यांना घास गिळवेना. वाडगा भरलेलाच परत जाई, आणि भरलेल्या वाडग्यानेही मागच्याची भूक शमत नसे, कारण अन्न होते आणि नाव नव्हते.

रविवारी हजीऱ्याच्या शाळेत अकरा उमेदवार होते. उत्तरपत्रिका वाटल्या गेल्या. सर्वांत वर नावाची ओळ. मिंगते यांनी टाक बुडवला. आपल्या मागच्या बाकावर कोणी नाही हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी मान वळवली नाही. अठरा वर्षांत न लिहिलेले नाव हाताला आठवेना. मग त्यांनी ते पूर्ण लिहिले.

पर्यवेक्षक यादी घेऊन फिरत आले आणि थांबले. "यह नाम सूची में नहीं है. आप तो मिंगआन हैं न?"

"मिंगआन माझा थोरला भाऊ," मिंगते उभे राहून म्हणाले. "तो मेला. तेहतीस साली, झाशीला. मी त्याचा धाकटा."

शेजारच्या बाकांवरचे दोन डॉक्टर टाक थांबवून पाहू लागले. पर्यवेक्षकांनी कपाळाला हात लावला. नियमात अशा प्रसंगाची तरतूद नव्हती. "बैठिए, लिखिए," ते म्हणाले. "जो होगा, मंडल देखेगा."

मिंगते बसले आणि त्यांनी दोन्ही विषय लिहिले.

मंडळाने चौकशी केली. फौजदारी करावी काय, हाही प्रश्न निघाला. रोग्यांची साक्ष घेतली तेव्हा महिपतरावांनी तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "ही माझी साक्ष. हिला विचारा, बनवणाऱ्याचं नाव काय ते." कारकून हसले, सदस्यांनी हसू आवरले. फौजदारीचा मुद्दा मागे पडला. जानेवारी १९५२ मध्ये निर्णय आला. चार कलमे होती. एक: श्ये मिंगआन यांचा परवाना, धारक सप्टेंबर १९३३ मध्ये झाशी मुक्कामी मृत झाल्यामुळे, रद्द. दोन: श्ये मिंगते हे इंग्रजी व्याकरण व वाचन या दोन्ही विषयांत उत्तीर्ण. तीन: मात्र त्यांच्या नावे कोणताही परवाना नसल्यामुळे त्यांनी रुग्णांवर उपचार करू नयेत. चार: इच्छा असल्यास नव्याने अर्ज करावा. नानांस खात्री न करता दाखला दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी तारखेनुसार फायलीत लावली.

मिंगते यांनी पहिले कलम नानांकडून तीनदा वाचून घेतले. भाऊ वारल्याचे सांगणारा जगातला तो पहिला कागद होता. त्याच दिवशी त्यांनी पाटी उतरवली, फळी घडवली, तीवर नाव लिहिले आणि भात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खांद्यामागे कोणी नव्हते. त्यांनी संपूर्ण वाडगा संपवला, आणि मग, शरयूबाईंजवळ त्यांनी कबूल केले, ते एकटे बसून रडले. अठरा वर्षे दुपारच्या जेवणाला त्यांना सोबत होती, ती गेली.

दवाखाना बंद झाला. पुढील आठ वर्षे ते जयेंद्रगंजातील एका नोंदणीकृत दंतवैद्याकडे मागच्या खोलीत कवळ्या बनवत राहिले. रोग्याच्या तोंडाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कलम चारप्रमाणे त्यांनी १९५२ सालीच अर्ज केला होता. १९५६ मध्ये राज्याची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि मंडळाच्या इतर कागदांबरोबर तो अर्जही गेला. नानांनी चार स्मरणपत्रे पाठवली.

मिंगते यांच्यामागे कोणी नव्हते. हत्यारे त्या दंतवैद्याकडे राहिली. दोन्ही फळ्या, त्यांची स्वतःची शरयूबाईंनी करवून घेतली ती धरून, धारपांच्या घरी आहेत. सर्वपित्रीला नाना दोन्ही नावे घेतात. गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे असा संकेत आहे, त्याप्रमाणे ते काश्यप म्हणतात. अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.