आत्या काही हो म्हणेनात

आत्या कुणालाही हात जोडायच्या. कुणालाही म्हणजे अगदी कुणालाही. देवाला जोडले तर समजू शकते, पण लायब्ररीच्या इमारतीला? फिजिओच्या रिकाम्या खुर्चीला? आधी हात जोडायचे आणि मग समोर काय आहे ते बघायचं, असा सगळा उलटा कारभार. मी म्हणायचे, "अहो आत्या, निदान कोण आहे ते विचारा तरी!" त्यावर उत्तर ठरलेलं. "अगं मेधा, हात जोडायला ओळख कशाला लागते?" कपाळ माझं!

आम्ही ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये राहतो. आमच्या बसस्टॉपवरून पुकेतापापाचा डोंगर समोर दिसतो. रोज सकाळी आत्या नऊवारी नव्हे, पण चांगली कडक इस्त्रीची साडी नेसून, पायांत मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, अशा थाटात स्टॉपवर जाऊन डोंगराला नमस्कार करायच्या. बस ड्रायव्हरला वाटायचं, बाई विनवणी करतायत. तो थांबायचा, दार उघडायचा. या मराठीतून सांगायच्या, "नाही नाही, तुम्ही व्हा पुढे." असं किती दिवस चालणार? शेवटी त्याने थांबणं सोडलं. मग एकदा खरंच हॉस्पिटलला जायचं होतं, तर हा पठ्ठ्या हात हलवून "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत निघून गेला आणि आमची अपॉइंटमेंट बुडाली. मी चिडले तर आत्या म्हणतात, "किती गोड हसला बघ." वर पलीकडच्या घरातले माओरी आजोबा त्यांना म्हणाले, "गुड ऑन यू, आंटी," कारण तो डोंगर त्यांच्या लोकांना पवित्र. झालं! त्यानंतर आत्यांना काही बोलायची सोयच राहिली नाही.

या आत्या माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या. त्याची आई तो शाळेतसुद्धा जात नव्हता तेव्हा गेली. आत्यांनी लग्नबिग्न न करता त्याला वाढवलं, पुण्यात शाळेत इतिहास शिकवला आणि पोराला इंजिनियर करून इकडे धाडलं. माझ्या सासूबाई म्हणजे याच. पण इकडच्या कायद्यात आई ती आई आणि आत्या ती पाहुणी. त्यामुळे दर खेपेला व्हिजिटर व्हिसा, दर खेपेला मुदत संपली की परत. निदान पुढच्या वर्षी येणार एवढ्यावर आम्ही दिवस काढायचो. आणि या वेळी बॅग भरताना बाई साडीची घडी घालत शांतपणे म्हणतात, "आता मी यायची नाही हं परत."

का? गुडघे दुखतात? नाही. प्रवास झेपत नाही? तसंही नाही. "माझं काही चुकलं का आत्या?" मी विचारलं. "छे गं." "मग?" "तो डब्यातला गूळ संपवून टाक, मुंग्या होतील." अवघड विषय आला की त्यांना हटकून मुंग्या नाहीतर झाडांचं पाणी आठवायचं. मिलिंद म्हणाला, "तू विचार ना, तुझं ऐकते ती." ऐकते म्हणे! स्वतःला विचारायचं धैर्य नाही आणि मला पुढे करतोय.

त्यांना घरी पोचवायला सोलपर्यंत आम्ही बरोबर जाणार होतो. तिथून त्या मुंबईच्या विमानात बसणार, आम्ही मागे फिरणार. मध्ये चार दिवस कोरियातल्या ग्याँगजूला काढायचे, हा बेत माझा. एके काळची राजधानी, बुद्धाची जुनी देवळं, आणि आत्यांनी जन्मभर वर्गात शिकवलेलं की बौद्ध धर्म कुठून कुठे गेला. म्हटलं, बाई खुशीत आल्या की होकार काढून घेऊ. बेत झकास होता. फक्त त्यात आत्या होत्या.

पहिल्या दिवशी बुलगुक्सा. डोंगरउतारावरचं देऊळ, दगडी पायऱ्या, लाल-हिरव्या रंगवलेल्या तुळया आणि सगळीकडे मेपलची पानं नुसती पेटलेली. मी बोलायला तोंड उघडलं की आत्या कुठेतरी हात जोडून उभ्या. खांबाला, पायरीला, तिकीट फाडणाऱ्या माणसाला. अंगणातल्या दगडी पॅगोड्याभोवती काही कोरियन बायका हात जोडून फेऱ्या घालत होत्या. आत्या सरळ त्यांच्यात घुसल्या. फेऱ्या किती घालायच्या ते त्यांना ठाऊक, मला बाकावर बसून फक्त गार वारा. परत आल्या त्या एका बाईने दिलेला पर्सिमन खात. "बघ, प्रदक्षिणा उजवीकडूनच घालतात इथे." मी म्हटलं, "आत्या, पुढच्या वर्षी यायचं काय?" त्या म्हणाल्या, "फळ धुऊन खायला हवं होतं का गं?"

दुसऱ्या दिवशी सोक्कुराम. डोंगरावर दगडी गुहेत बसलेला बुद्ध, पुढे काच. त्या दगडी चेहऱ्याकडे बघताना माझासुद्धा आवाज बंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आत शांतता पाळायची होती, म्हणजे विचारायची संधी तीही गेली. आत्या तिथून हलेनात. मागे रांग खोळंबली, मिलिंद घसा खाकरतोय, मी पदर ओढतेय. बाहेर आल्यावर धुक्यातून लांब समुद्राची रेघ दिसत होती. "शिकवलं खूप," आत्या म्हणाल्या, "बघितलं नव्हतं." त्यांचे डोळे भरले होते. अशा वेळी होकार मागणं मलाच जमलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. शहराच्या मधोमध एक मोठी बाग आहे. त्यात हिरव्यागार गवताच्या उंच घुमट्या, एकामागे एक, मधून पायवाटा. आत्यांनी दुरूनच हात जोडले. "स्तूप! सांची पाहिलीय मी, मला सांगू नकोस." कोण सांगत होतं? त्या घुमटीला प्रदक्षिणा घालायला लागल्या, मिलिंदलाही ओढलं. तोही निमूट फिरतोय. तेवढ्यात मी पाटी वाचली आणि ओरडले, "अहो आत्या, थांबा! हे स्तूप नाहीत, थडगी आहेत! राजांची!"

आत्या जागच्या जागी थिजल्या. मग म्हणाल्या, "आंघोळ."

"काय?"

"मसणातून आलोय. न्हायल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घ्यायची नाही."

"अहो, दीड हजार वर्षं झाली त्यांना जाऊन! कुणाची आंघोळ आणि कसलं काय!"

"राजा असला म्हणून काय झालं, मेलेलाच ना?"

गेस्टहाऊसची खोली दुपारी बंद, साफसफाई चाललेली. मिलिंद हसून हसून लाल. मग त्यानेच फोनवर शोधून आम्हाला सार्वजनिक स्नानगृहाच्या दारात नेऊन सोडलं आणि आपण पुरुषांच्या बाजूला पसार झाला. आत गेल्यावर कळलं की इथे कपडे काढून, म्हणजे सगळे काढून, सगळ्या बायकांसमोर न्हायचं. मी म्हटलं, "आत्या, चला परत." तर आत्या एव्हाना पदर सोडून तयार! "बायकाच तर आहेत गं सगळ्या." ज्या बाईने आयुष्यभर मला गाऊनवर ओढणी घ्यायला लावली, ती ही.

आम्ही बुटक्या स्टुलांवर बसलो. शेजारच्या कोरियन आजींनी आत्यांकडे बघून खरबरीत पंचा उचलला आणि न विचारता त्यांची पाठ घासायला घेतली. तिथे तशी पद्धतच आहे म्हणे, पाठ एकमेकींनी चोळायची. मग आत्यांनी आजींची पाठ घासली. मग म्हणाल्या, "फीर, मेधा." मी मुकाट फिरले. वाफेत, पाण्याच्या आवाजात, माझ्या पाठीमागून त्या बोलायला लागल्या.

"दर वेळी निघताना मिलिंदला सांगते, रडू नकोस. घरी गेल्यावर मीच महिनाभर जेवत नाही. या वेळी तर डोंगराला सुद्धा निरोप देववला नाही. मला बोलावू नकोस गं परत. आले तर माझ्याने निघवणार नाही, आणि राहू तर देत नाहीत."

इतके दिवस मी गुडघे, प्रवास, माझे टोमणे, सगळं शोधून दमले आणि हे असं होतं! मला रडू आलं आणि संतापही. "मग मीच येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "दर वर्षी येते. मग काय कराल?"

"ये," त्या पाठ घासत म्हणाल्या. "पण परत जायची तारीख मला सांगू नकोस."

विमानतळावर त्या वळूनही न बघता आत गेल्या. मी शब्द पाळला. पुढच्या दिवाळीला पुण्याला गेले, तारीख सांगितली नाही, पण बॅग भरताना काय लपणार? टॅक्सी खाली आली, मी चपला घालून हाका मारतेय, आणि आत्या बाथरूममध्ये. "जा गं, विमान चुकेल," आतून आवाज. नळ मोठा सोडलेला. "आत्या, दार उघडा!" मी कडी वाजवली, दोन्ही हातांनी वाजवली. नाहीच उघडलं.

त्याच्या पुढच्या वर्षी त्या गेल्या. आठवडाभर दवाखान्यात होत्या आणि आम्हाला कळलं ते सगळं आटोपल्यावर. आम्ही धावत पोचलो. मी शेजारच्या काकूंवर उखडले, एक फोन करता आला नाही तुम्हाला? काकू रडत म्हणाल्या, "अगं, त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, कळवू नका. कळवलं तर पोरं येतील, आणि आली की परत निघतील."

हे काय उत्तर झालं? इतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही. आता मी भांडू कुणाशी?