गुंदचा ईसीजी आणि मधलं सर्टिफिकेट

"मॅडम, स्क्रीनवर लाल पाटी आलीया. पुढं जाऊ नका म्हणतंय," गुंदच्या दवाखान्यातून सावित्रीअक्का फोनवर म्हणाल्या.

अक्का तिथल्या नर्स. समोर खाटेवर छातीत कळा येणारे एक शेतकरी मामा. त्यांचा ईसीजी बेळगावच्या हृदयतज्ज्ञांना हवा होता. तो बघूनच ते औषध सांगणार होते. अँब्युलन्स निघाली होती, पण जंगलातली वाट. ईसीजी ज्या सर्व्हरवरून जातो, तो मी सांभाळते.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. आदल्या दिवशीच मी नवं बसवलं होतं. बाकीच्या गावांतले दवाखाने बिनतक्रार चालले होते. गुंदच तेवढं अडलं होतं.

माझे साहेब म्हणाले, सर्टिफिकेटची तपासणी राहू दे, माणूस वाचव. मलाही पटलं. मी अक्कांना 'तरीही पुढे जा' हे बटण दाबायला सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दाबते. पण पलीकडं आपलाच डॉक्टर हाय, हे कसं कळायचं? भलत्याच कुणी औषध सांगितलं तर? अशी पाटी आली की थांबायचं, हे ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलं न्हवं?"

दाबू नका म्हणाले, पाच मिनिटं मागितली आणि विचारलं, तिथे काही बदललंय का? लॅपटॉप बदललाय, म्हणाल्या. कालच नवा आलाय.

तिथेच उलगडा झाला. आमच्या सर्टिफिकेटवर ओळखपत्रं देणाऱ्या एका मधल्या संस्थेची सही असते. त्या संस्थेच्या सर्टिफिकेटवर मूळ संस्थेची. लॅपटॉप फक्त मूळ संस्थेला ओळखतो, म्हणून मधलं सर्टिफिकेटही सर्व्हरनंच दाखवावं लागतं. ते जोडायला मी विसरले होते. जुन्या लॅपटॉपांकडे त्याची आधीची प्रत होती, म्हणून ते चालले. नव्याकडे नव्हती.

मी दोन्ही सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये जोडली, सर्व्हर रीलोड केला आणि अक्कांना पान पुन्हा उघडायला सांगितलं.

"पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय," अक्का म्हणाल्या. म्हणजे ओळख पटली होती.

ईसीजी गेला. हार्ट अटॅकच होता. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन अक्कांनी दिलं, अँब्युलन्स आली, मामा वाचले.

वीस वर्षं हे काम करतेय. एकमेकांना कधी न भेटलेली यंत्रं डोळ्याचं पातं लवायच्या आत एकमेकांची सही पडताळतात, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी त्याहून मोठं नवल अक्कांचं वाटलं. नंतर कळलं, मामांचा हात हातात धरून त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

आता सर्टिफिकेट बदललं की मी कोऱ्या लॅपटॉपवर तपासते. जो आधीच आपल्याला ओळखतो, त्याची साक्ष धरायची नाही.